शेडमधली रोल्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये १९३४ची एक रोल्स-रॉइस उभी आहे. तिला नव्याने रंग दिलेला नाही आणि देणारही नाही. बघायला येणारी माणसं निपाणी, गडहिंग्लज, खानापूर, धारवाड अशी कुठकुठून येतात, पण प्रश्न मात्र ठरलेले. तेच तेच सांगताना माझा चहा रोज गार होतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

ही नेमकी कुठली गाडी?

रोल्स-रॉइस ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह. १९२९ ते १९३६ या काळात कंपनीने अशा ३,८२७ गाड्या बनवल्या. सहा सिलिंडरचं, सुमारे ३.७ लिटरचं इंजिन. त्याच काळातली मोठी बहीण म्हणजे फँटम टू, तिचं इंजिन जवळजवळ ७.७ लिटरचं. फँटम दरबारी थाटाची. ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह जरा आटोपशीर, मालकाने स्वतः चालवली तरी जमेल अशी. आमची मात्र ड्रायव्हरनेच चालवायची आहे, कारण पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये काचेचा पडदा आहे.

तीन हजारांवर गाड्या निघाल्या म्हणजे दुर्मीळ कसली, असं एकाने मला तोंडावर विचारलं होतं. बरोबर आहे त्याचं. मॉडेल दुर्मीळ नाही. नव्वद वर्षं जिची बॉडी बदलली नाही, जिचा पहिला रंग अजून अंगावर आहे आणि जिचे मालक ओळीने मोजता येतात अशी गाडी दुर्मीळ.

एवढ्या मोठ्या गाडीला पंचवीसच हॉर्सपॉवर?

नाही. तो इंग्लंडमधला कर आकारायचा आकडा. सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरची संख्या धरून एक सूत्र होतं, त्यात हे इंजिन पंचवीसच्या थोडं वर बसायचं. खरी ताकद त्याहून पुष्कळ जास्त, पण ती किती हे रोल्स-रॉइस छापतच नसे.

बॉडीवर ‘हूपर’ लिहिलंय. मग रोल्स-रॉइसने काय बनवलं?

त्या काळी कंपनी फक्त चासी द्यायची. म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर. गिऱ्हाईक ती चासी आपल्या आवडीच्या बॉडीबिल्डरकडे पाठवायचं. हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली ही लंडनची नावाजलेली मंडळी. ते लाकडाचा सांगाडा उभा करून त्यावर पत्रा चढवायचे, आत कातडं, लाकडी पट्ट्या, पडदे बसवायचे. दार उघडलं की उंबऱ्यावर जी छोटी पट्टी दिसते ती बॉडीबिल्डरची. लोक बोनेटकडे धावतात, मी आधी उंबरा बघायला सांगतो.

आजवर मालक कोण कोण झाले?

चार. आणि चौघांनीही गाडीवर काही ना काही सोडलंय.

पहिले मालक दक्षिणेतल्या एका छोट्या संस्थानाचे अधिपती. त्यांच्या आजच्या कुटुंबाने नाव न लिहिण्याची विनंती केली आहे आणि मी शब्द दिलाय, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारू नका. मागच्या उजव्या दारावर त्यांची मुद्रा रंगवलेली होती. ती नंतर कुणीतरी घासून काढली, पण उन्हात तिरकं बघितलं की कडा दिसतात. मागे बसणाऱ्याच्या हाताशी बोलायची नळी आहे. तिच्या तोंडाची पितळी कड झिजून पातळ झालीय. म्हणजे मागून हुकूम बरेच सुटत असावेत.

दुसरे मालक निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. ८ मार्च १९४८ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर पुढच्या वर्षी १ मार्चला. विलीनीकरणाच्या करारात संस्थानिकाची खाजगी मालमत्ता आणि संस्थानची मालमत्ता वेगळी काढायची अट होती, त्यासाठी यादी द्यावी लागायची. हत्ती कुणाचा, वाडा कुणाचा, मोटार कुणाची. आमची गाडी खाजगी यादीत होती, म्हणून ती विकता आली. ती सरकारी बाजूला लागली असती तर लिलावात गेली असती आणि आज तिचं काय झालं असतं देव जाणे. व्यापाऱ्यांनी मागच्या सीटवर तंबाखूचे नमुने ठेवून पेठा फिरल्या. छताच्या कापडाला तो वास अजून आहे. पावसाळ्यात दार उघडलं की आधी तोच वास येतो, कातड्याचा मागाहून.

तिसरे मालक बेळगावातले एक कंत्राटदार. यांच्या काळात टपावर चार भोकं पडली. निवडणुकीचा भोंगा बसवायला! हूपरच्या टपाला गिरमिटाने भोकं पाडणाऱ्या माणसाचा मला आधी फार राग यायचा. आता येत नाही. त्या काळात या सीमाभागात निवडणूक म्हणजे काय चीज होती हे आमच्या पिढीलाही घरात ऐकून ठाऊक आहे. त्या सभांना ही गाडी गेली होती, आणि त्याचा पुरावा म्हणून ती चार भोकं राहिलीत. मी त्यांना रबरी बुचं लावलीत, बुजवली नाहीत.

चौथे आमचे आजोबा. त्यांनी ही गाडी विकत घेतली नाही, उधारीत आली. कंत्राटदारांचे ट्रक आमच्याकडे दुरुस्तीला यायचे, बिल वाढत गेलं, शेवटी ते म्हणाले, ‘मिस्त्री, पैसे नाहीत, ती रोल्स घेऊन जा.’ आजी आठ दिवस आजोबांशी बोलली नव्हती म्हणे. तिला पाटल्या हव्या होत्या.

उधारीत आलेली गाडी कायद्याने तुमची कशी?

आजोबा शहाणे. त्यांनी बिलांच्या पाठीवर ‘या रकमेपोटी मोटार दिली’ असं लिहून घेऊन सही घेतली आणि लगेच नावावर करून घेतली. पुढे आजोबा गेले, वडिलांनी काही केलं नाही, वडील गेले, तेव्हा आम्ही तिघे भाऊ आणि एक बहीण. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१ लागतो, बाकी वारसांची संमती लागते. आमचं ते काम दोन वर्षं लांबलं, कारण एका कार्यालयात फाइलच सापडेना. कुणाकडे जुनी गाडी असेल तर माझा पहिला सल्ला हाच : इंजिनाच्या आधी आरसी बुकाकडे बघा.

इतका जुना इतिहास तुम्ही शोधला कसा?

तीन भाषांत आणि चार लिप्यांत. ही थट्टा नाही.

रोल्स-रॉइसच्या प्रत्येक चासीची नोंद कंपनीने ठेवलेली असते. कुणी मागवली, बॉडी कुणाची, कुठल्या तारखेला चाचणी झाली, कुठे पाठवली. लढाईपूर्वीच्या गाड्यांचे हे कागद आज इंग्लंडमध्ये नॉर्थहॅम्प्टनशरातल्या पॉलर्सपरी गावी, रोल्स-रॉइस एंथुझिअस्ट्स क्लबच्या हंट हाउसमध्ये आहेत. चासी नंबर कळवला की फी घेऊन प्रत देतात. आमच्या गाडीच्या कागदावर मालकापुढे ‘इंडिया’ आणि खाली हवामानासंबंधी सूचना आहेत. ती प्रत पोस्टाने आली त्या दिवशी मी वर्कशॉप दुपारीच बंद केलं.

संस्थानच्या दप्तरातला खर्च मोडीत. आमच्या आजोबांना मोडी यायची, मला अक्षरही लागत नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचं मोठं दप्तर आहे आणि मोडी वाचणारी माणसंही कोल्हापुरात भेटतात. अशाच एका जाणकाराने आमच्याकडचे दोन कागद वाचून दिले. एकात मोटारीच्या ड्रायव्हरला दसऱ्याची पोशाखी दिल्याची नोंद निघाली. गाडीबद्दल त्यात एक शब्द नाही, तरी मला सगळ्यात आवडलेला कागद तोच.

मुंबई राज्याच्या काळातले कागद इंग्रजीत, व्यापाऱ्यांच्या वह्या मराठीत बाळबोध, आणि १९५६नंतरचे हळूहळू कन्नडमध्ये. कन्नड कागदांसाठी मला कुणाकडे जावं लागलं नाही, आम्ही शाळेत शिकलोय.

नंबरप्लेटवर दोन नंबर का दिसतात?

वरच्या रंगाचे पोपडे गेले म्हणून. वर ‘एमवाय’ने सुरू होणारा म्हैसूर राज्याचा नंबर आहे, खाली ‘बीवाय’चा मुंबईचा. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३मध्ये त्याच तारखेला म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं, २०१४मध्ये पुन्हा त्याच तारखेला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी. गाडी त्यातला निम्मा काळ एकाच शेडमध्ये विटांवर उभी होती. ती हलली नाही, आजूबाजूचं राज्य हललं.

या प्रश्नावर शेडमध्ये वाद सुरू होतो. माझी विनंती आहे की तो बाहेर चहाच्या टपरीवर करावा.

रेडिएटरवरची ‘आरआर’ अक्षरं काळी आहेत. म्हणजे रॉइससाहेब वारले म्हणून ना?

ही गोष्ट सगळ्या जगात पसरलीय. कंपनीचे एक संस्थापक हेन्री रॉइस वारले २२ एप्रिल १९३३ला, आणि लाल अक्षरं काळी झाली ती त्याच सुमारास, म्हणून लोकांनी सुतक जोडलं. काळी अक्षरं करण्याचा विचार त्यांच्या हयातीतलाच. लाल रंग गाडीच्या बाकीच्या रंगांशी जुळत नाही अशी गिऱ्हाइकांची कुरकुर होती, एवढंच.

महाराजांनी रोल्समधून कचरा वाहून कंपनीची जिरवली ती हीच का?

नाही. ती गोष्ट मी आजवर निदान पाच संस्थानांच्या नावाने ऐकलीय. प्रत्येक वेळी दुकानदार उद्धट, राजा साध्या कपड्यात, आणि शेवटी कंपनीची माफीची तार. एकाही संस्थानची ती तार मला कुणी दाखवलेली नाही. हिच्यात वाहिली गेली ती फक्त तंबाखू.

आपल्या भागातल्या सगळ्या राजांकडे रोल्सच असायच्या?

छे. छोट्या संस्थानांत अमेरिकन गाड्याच जास्त. ब्यूक, शेवरोले, पॅकार्ड. आपल्या खडकाळ रस्त्याला उंच, दणकट आणि स्वस्तही. जनरल मोटर्स तर १९२८पासून मुंबईतच गाड्या जोडत होती, त्यामुळे सुटे भाग मिळायचे. आणि हौस म्हणाल तर कोल्हापूरची मेबॅक बघा. ती जर्मन. दसऱ्याला छत्रपती अजून त्या गाडीतून सोनं लुटायला दसरा चौकात येतात. बेळगावातून तेवढ्यासाठी कोल्हापूरला जाणारे आम्ही काही येडे आहोत.

रंग का देत नाही? अगदी भंगार दिसते.

हा प्रश्न पुण्या-मुंबईकडचे पाहुणे जरा नाक मुरडून विचारतात, आणि आमच्या गल्लीतले थेट ‘भंगार’ म्हणतात. दोघांना उत्तर एकच.

रंग द्यायचा म्हणजे आधी जुना उतरवायचा. तो उतरला की मुद्रेच्या कडा गेल्या. भोकं बुजवली की निवडणूक गेली. छताचं कापड बदललं की निपाणी गेली. नंबरप्लेट नवी केली की मुंबई राज्य गेलं. उरेल ती चकचकीत हूपर लिमोझिन, आणि तशी लंडनलाही मिळते. परदेशात वीस-पंचवीस वर्षांपासून मोठ्या स्पर्धांत न रंगवलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. तिथे वळण आलंय. आपल्याकडे अजून ‘डेंटिंग-पेंटिंग झालं का?’ हाच मान.

म्हणून काहीच करायचं नाही असं नव्हे. गंज वाढू द्यायचा नाही, वाळवी लागू द्यायची नाही. बॉडीचा सांगाडा लाकडी असल्यामुळे आपल्याकडचा खरा शत्रू वाळवीच. खानापूरकडून येणारा जूनचा पाऊस सुरू झाला की मी शेडच्या जमिनीला महिन्यातून दोनदा बघतो. रंगावर मऊ कापडाने मेण, कातड्याला अगदी थोडं तेल, आणि आत कापराच्या वड्या. उंदरांसाठी मांजर. एवढंच. पॉलिशचा रगडा कधी नाही.

डाव्या दाराच्या उंबऱ्याखालचं लाकूड सागाचं आहे, बाकी सांगाडा विलायती अॅशचा. व्यापाऱ्यांच्या काळात शहापूरच्या एका सुताराने तो तुकडा घातला. सांधा इतका बेमालूम की नखही अडकत नाही. एक तज्ज्ञ म्हणाले, ‘हे काढून अॅश घाला, मूळ तसं होईल.’ मी त्यांना कुंदा खाऊ घातला आणि विषय बदलला.

चालू आहे का?

आहे. चार वर्षं लागली.

तीसेक वर्षं उभ्या गाडीला सेल्फ मारला की पिस्टनच्या रिंगा तुटतात. आम्ही आधी सगळे प्लग काढले, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं आणि पंधरा दिवस हात लावला नाही. मग पुढून हँडल घालून, जोर न लावता, पाव फेरा, अर्धा फेरा. फिरलं त्या दिवशी पेढे वाटले. पण चालू केलं नाही. या इंजिनाच्या क्रँकशाफ्टमध्ये पोकळ्या असतात, त्यांत वर्षानुवर्षांचा गाळ साचून घट्ट होतो. तसंच चालवलं तर तो सुटून तेलाची वाट बंद करतो आणि बेअरिंग जातात. म्हणून खालून उघडलं, बुचं काढून साफ केलं. पाण्याच्या जॅकेटमधून मागच्या दोन सिलिंडरांच्या बाजूने बादलीभर लाल चिखल निघाला.

इग्निशनच्या बाबतीत मात्र कंपनीला सलाम. ठिणगीसाठी कॉइल आहेच, आणि ती गेली तर शेजारी मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र, तयार. आमचं पहिल्यांदा मॅग्नेटोवरच सुरू झालं.

आता वर्षातून आठ-दहा वेळा काढतो. टिळकवाडी, काँग्रेस रोड, फारतर हिंडलग्यापर्यंत. ब्रेक तारांचे आणि दांड्यांचे, त्यांना गिअरबॉक्सवरून जोर मिळतो, त्यामुळे गाडी फिरत असेल तरच तो जोर येतो. रिक्षावाल्यांना हे समजावता येत नाही.

सुटे भाग कुठून आणता?

इंग्लंडमध्ये बरंच काही अजून बनतं, पण कस्टमसकट किंमत ऐकून घाम फुटतो. आमचं नशीब हे की गाडी बेळगावात आहे. उद्यमबागेत फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग सगळं पायाखाली. पाण्याच्या पंपाचं इंपेलर आम्ही इथेच नमुन्यावरून ओतून घेतलं. नटबोल्ट विटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाच्या आट्याचे, मिलिमीटरचे पाने चालत नाहीत, आणि जबरदस्ती केली तर बोल्टची डोकी गोल होतात. विटवर्थचे पाने मला वडिलांच्या जुन्या पेटीत मिळाले.

रेडिएटरवरची पुतळी, रोल्सची ओळख असलेली ती पुढची बाई, मात्र खोटी आहे, हे कबूल करतो. मूळ पुतळी एका वरातीत गेली. त्या काळी ती पुतळी मुळात वेगळे पैसे देऊन घ्यायची असे, त्यामुळे नसली तरी गाडी अपुरी नव्हे. पण वडिलांना चैन पडेना. त्यांनी फोटो देऊन गनमेटलची एक ओतवून घेतली. ओतणाऱ्याने आयुष्यभर देवळाच्या समया ओतलेल्या. म्हणून ती जरा दीपलक्ष्मीसारखी दिसते.

पेट्रोल कुठलं?

डोकेदुखी आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्याने फुगतं, आणि कॉर्कच्या फ्लोटवर लाखेचा लेप असेल तर तो स्पिरिटमध्ये विरघळतो. लाख स्पिरिटमध्येच विरघळवून सुतार पॉलिश करतात, तेच इथे टाकीत होतं. हे इथेनॉल बहुधा आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडाने करायची? होज बदलून घेतल्या, आणि गाडी ठेवताना टाकी रिकामी करतो.

आमच्या वाड्यातही एक जुनी गाडी पडलीय. काय करू?

धुऊ नका. सर्व्हिस स्टेशनचा फवारा तर मुळीच नको. आधी फोटो काढा, धूळ आहे तशी. मग आतले कप्पे, सीटखालचे खण, पायपुसणीखाली बघा. पावत्या, पेट्रोलची कुपनं, लग्नपत्रिका, काहीही असेल ते पाकिटात घालून ठेवा. आमच्यात सीटच्या फटीत लढाईच्या काळातलं पेट्रोल रेशनचं कुपन मिळालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. हे काम सगळ्यांत आधीचं. मग इंजिन नंबर, चासी नंबर. भंगारवाल्याला दार दाखवू नका.

नोंदणी कशी होते?

१५ जुलै २०२१च्या केंद्राच्या अधिसूचनेने पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आली. जुना नंबर असेल तर तोच ठेवता येतो, आमचा ‘एमवाय’ टिकला तो त्यामुळे. नव्याने नोंद करायची तर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. नवी नोंदणी २०,००० रुपये, नूतनीकरण ५,०००, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला आणि धंद्याला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. कोल्हापूर-सांगलीकडे गाडी विकली तर इथल्या आरटीओचं ना-हरकत, फॉर्म २८, विसरू नका. पलीकडे गेल्यावर ते आणायला परत यावं लागतं.

परदेशात विकली तर?

१ जानेवारी १९५०पूर्वी बनलेल्या गाड्या देशाबाहेर न्यायला निर्बंध आहेत, परवान्याशिवाय जात नाहीत. सुटे भागही त्यातच आले. या आधी भरपूर गेल्या, कवडीमोलाने.

किंमत किती?

आजीच्या पाटल्यांएवढी.

लग्नाला द्याल का?

एक पुतळी गेली तेवढी पुरे.

बघायला कधी यावं?

रविवार सोडून कधीही, फोन करून. जून ते ऑगस्ट नको, दार उघडं ठेवलं की ओल आत येते. सगळ्यात बरं म्हणजे खंडेनवमीला या. त्या दिवशी लेथ, ड्रिल, पाने सगळ्यांची पूजा असते. आमचा कन्नड फोरमन ती आयुधपूजा म्हणून करतो, दारात कोहळा फोडतो, आणि आई बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटवते. आजोबांपासून दरवर्षी त्याच जागी. तिथे रंगात एक तांबूस डाग कायमचा मुरलाय. मघाच्याच तज्ज्ञांनी तो काढायचं द्रावण लिहून दिलं होतं. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये आहे.